कॅमेरा जुना चालतो, रोल ताजा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत फिल्म फोटोग्राफी परत आल्याचा लेख वाचला. लेख मेहनतीने लिहिलेला होता, वाद नाही, पण माझ्या भाचीने तो वाचून पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाली, "मावशी, म्हणजे हे पैसेवाल्यांचं काम आहे ना?" मला राहवलं नाही म्हणून हे पत्र. लांबलंय जरा, कात्री लावलीत तरी चालेल, फक्त कॅमेरा घेताना काय बघायचं तो भाग तेवढा ठेवा.

लेखात नावं आली ती लायका, हॅसलब्लाड, रोलायफ्लेक्स. चांगलेच कॅमेरे आहेत, कोण नाही म्हणतंय. पण माझ्याकडे चार फिल्म कॅमेरे आहेत आणि ते चारही विकले तरी त्यातल्या एखाद्याच्या लेन्सचं झाकण येईल की नाही शंका आहे. तरीही गेली काही वर्षं मी दर महिन्याला एखाद-दुसरा रोल संपवते आणि मजेत आहे. लेखात ह्या बाजूबद्दल एक ओळसुद्धा नव्हती.

मुद्दा तसा साधा आहे. डिजिटल कॅमेऱ्यात चित्र टिपणारा सेन्सर कॅमेऱ्याच्या पोटात कायमचा बसवलेला असतो, त्यामुळे वीस वर्षांपूर्वीचा स्वस्तातला डिजिटल आज बाहेर काढला की फोटोपण वीस वर्षांपूर्वीचेच येतात, तुम्ही काहीही करा. फिल्म कॅमेऱ्यात सेन्सर म्हणजे रोल, आणि तो दर ३६ फोटोंनी नवा येतो. ऑलिंपस ट्रिप ३५ हा कॅमेरा १९६७ साली बाजारात आला. हार्मन कंपनीने फिनिक्स नावाचा नवाकोरा कलर रोल काढला २०२३ च्या डिसेंबरमध्ये. तो रोल त्या कॅमेऱ्यात घातला की कॅमेरा रोलपेक्षा छप्पन वर्षं जुना आणि सेन्सर कालचा, असा प्रकार होतो. बाकी कुठलाही कॅमेरा म्हणजे शेवटी काय, उजेड आत न येणारा डबा, पुढे एक भिंग, मधे उघडझाप करणारी एक झडप, म्हणजे शटर. डब्याला किती पैसे द्यायचे ते ज्याचं त्याने ठरवावं.

आणि हे काही मी नवीन सांगत नाहीये, हा छंदच मुळी स्वस्त डब्यावर वाढलाय. कोडॅकचा ब्राउनी १९०० साली आला तेव्हा तो पुठ्ठ्याचा डबा होता, किंमत एक डॉलर, लहान पोरांनाही वापरता यावा म्हणूनच काढलेला. पुढच्या वर्षी त्याचा मोठा भाऊ नंबर २ ब्राउनी आला आणि त्याच्यासाठी म्हणून जो रोल काढला त्याचं नाव १२०. तो १२० रोल आजही बनतो, आजही मिळतो, आणि त्या सव्वाशे वर्षं जुन्या डब्यात आजही बसतो. तुमच्या घरातली दुसरी कुठली वस्तू आहे अशी सांगा. शिवाय अशा डब्यांचं भिंग अगदीच साधं असलं तरी त्याची निगेटिव्ह ३५ मिलिमीटरच्या, म्हणजे नेहमीच्या ३६ फोटोंच्या रोलच्या निगेटिव्हपेक्षा पाचपटीहून मोठी असते, त्यामुळे प्रिंट करताना ती फारशी ताणावी लागत नाही आणि भिंगाचे दोष बरेचसे झाकले जातात. म्हणून जुन्या अल्बममधले डबा कॅमेऱ्याचे फोटो बघून आपण म्हणतो अरे किती स्वच्छ आलेत. ते बहुतेक वेळा मूळ निगेटिव्हएवढेच, जेमतेम तळहाताएवढे प्रिंट असतात हे आपण विसरतो. असो.

माझी सुरुवात झाली ती काकांच्या झेनिट-ई वर. रशियन कॅमेरा, रणगाड्यासारखा जड, १९६५ पासून बनायला लागला तो लाखांनी बनला, त्यामुळे दुर्मिळ वगैरे अजिबात नाही. काकांनी दिला तेव्हा एवढंच सांगितलं, पडला तर कॅमेऱ्याला काही होणार नाही, पाय सांभाळ. मी रोल भरला, ३६ फोटो काढले, किती फोटो झाले ते दाखवणारा आकडा बरोबर पुढे सरकत होता, मी खुशीत. रोल धुवायला दिला आणि लॅबवाल्याने पारदर्शक पट्टी हातात ठेवली. एकही फोटो नाही! मी मनातल्या मनात लॅबला शिव्या घातल्या, मग काकांना पट्टी दाखवली तर त्यांनी ती खिडकीकडे धरली आणि म्हणाले, कडेला कंपनीचं नाव आणि नंबर उमटलेत ना काळे, म्हणजे धुणाऱ्याने नीट धुतलाय, आत उजेडच पोचलेला नाही. रोलचं टोक उजवीकडच्या स्पूलमध्ये अडकलंच नव्हतं. मी फिल्म पुढे न्यायची दांडी छत्तीस वेळा ओढली आणि फिल्म आपली डबीत गुंडाळून झोपलेली. तेव्हापासून सवय लागली, दांडी ओढताना डावीकडची रिवाइंडची, म्हणजे फिल्म परत गुंडाळायची चकती फिरते का ते बघायचं, ती फिरली म्हणजे फिल्म सरकतेय, आकड्यावर विश्वास नाही ठेवायचा. ही एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर तो रोल वाचला असता, म्हणून इथे सांगतेय.

त्या झेनिटचा लाइट मीटर, म्हणजे उजेड मोजणारा काटा, मेलेला होता. तो सेलेनियमचा असतो, उजेडावरच चालतो, बॅटरी लागत नाही, पण वर्षानुवर्षं उजेडात पडून राहिला आणि आत ओल गेली की सुस्तावतो. मला वाटलं आता काय करायचं, तर काकांनी उन्हाचा नियम शिकवला. लख्ख ऊन असेल, सावल्या ठसठशीत पडत असतील, तर अ‍ॅपर्चर (भिंगातलं उजेडाचं भोक, आकडा मोठा तितकं भोक लहान) १६ वर ठेवायचं आणि शटरचा स्पीड रोलच्या आयएसओएवढा (रोलवर लिहिलेला उजेडाच्या वेगाचा आकडा), म्हणजे २०० चा रोल असेल तर १/२०० च्या जवळचं जे काही कॅमेऱ्यात असेल ते, झेनिटवर १/२५०. सावली जरा पुसट झाली की ११, आभाळ भरलेलं असेल तर ८, मोकळ्या सावलीत ५.६. बस. एवढ्यावर मी वर्ष काढलं. निगेटिव्हवाली फिल्म फार सोशिक असते, एखाद-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) उजेड जास्त झाला तरी कुरकुर करत नाही, उलट कमी झाला तर सावलीतलं सगळं गिळून टाकते, त्यामुळे शंका आली की जास्तीकडे झुकायचं. स्लाइड फिल्मचं (जिच्यावर थेट सरळ चित्र उमटतं ती) हे चालत नाही, ती फार मानी बाई, पण स्लाइडने सुरुवात कुणी करूच नये.

नंतर आला तो ट्रिप ३५. आता हा कॅमेरा म्हणजे आळशी माणसाला वरदान आहे. लेन्सच्या भोवती मधमाशीच्या पोळ्यासारखी काच असते तोच त्याचा मीटर, हापण सेलेनियमचाच, फक्त माझा अजून जिवंत आहे. शटरचे स्पीड फक्त दोन, १/४० आणि १/२००, ते पण तोच निवडतो. उजेड कमी असेल तर बटण दाबलंच जात नाही आणि खिडकीत एक लाल जीभ वर येते, म्हणजे उगाच रोल वाया घालवू नकोस बाई. फोकससाठी रिंगवर चार चित्रं, एक डोकं, दोन डोकी, घोळका आणि डोंगर. मी भाचीच्या हातात दिला तर तिने काही न विचारता दहा फोटो काढले आणि त्यातले आठ चांगले आले, माझ्या पहिल्या रोलची सरासरी वर सांगितलीच आहे.

तिसरा स्मेना ८एम, हापण रशियन, सगळा प्लास्टिकचा, हलवला की खुळखुळ्यासारखा वाजतो. ह्याच्यात शटर ताणायची दांडी वेगळी आणि फिल्म पुढे न्यायचं चाक वेगळं, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. त्यामुळे चाक फिरवायला विसरलात की एकाच फ्रेमवर दोन फोटो बसतात. मी विसरले. एका फोटोत माझी आई खुर्चीत बसलीये आणि तिच्या अंगावरून एक झाड उगवलंय. हा फोटो मी मुद्दाम काढायला गेले असते तर जमला नसता, आता तो फ्रेम करून लावलाय आणि आईला तो मुळीच आवडत नाही. काही लोक असल्या चुकांसाठीच होल्गा घेतात, हाँगकाँगमध्ये १९८२ साली निघालेला प्लास्टिकच्या लेन्सचा कॅमेरा, कोपरे काळे पडतात, फटींतून उजेड शिरतो, आणि लोकांना तेच हवं असतं. मला स्वतःला एवढं नकोय, म्हणजे चूक झाली तर झाली, चुकीचं दुकान नाही मांडायचं. पण ज्याची त्याची आवड.

आता घेताना काय बघायचं ते, कारण सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. वस्तू हातात घेतली की लगेच मागचं झाकण उघडू नका! आधी रिवाइंडची चकती हळूच फिरवून बघा, अडली तर आत कुणाचा तरी रोल असू शकतो, आणि झाकण उघडलं की उजेडाने तो खराब होतो. मला एकदा असा मिळाला, तसाच रिवाइंड करून धुतला तर धुक्यात उभं राहिल्यासारखी चार माणसं आणि एक कुत्रा निघाला, कोण कुठले काही कल्पना नाही. फिल्मवर उजेड पडला की चित्र तिथे दडून बसतं, धुवेपर्यंत दिसत नाही पण असतं, वर्षानुवर्षं असतं. ती व्हिव्हियन मायर, शिकागोत लोकांची मुलं सांभाळायची आणि सुट्टीच्या वेळात रस्त्यावर फोटो काढायची, तिचं सामान २००७ मध्ये लिलावात गेलं तेव्हा त्यात शेकडो रोल न धुतलेले निघाले आणि त्यातून नंतर फोटो आले. (तीपण रोलायफ्लेक्स वापरायची हे मला माहितीये, कृपया त्यावर उत्तर पाठवू नका. तिचा पहिला कॅमेरा कोडॅकचा ब्राउनीच होता.)

तर आत रोल नाही अशी खात्री झाली की झाकण उघडा, शटर १ सेकंदावर असेल तर त्यावर आणि नसेल तर सगळ्यात हळू स्पीडवर ठेवून दाबा आणि मागून बघा. आतलं वंगण वाळलं की पहिले हळू स्पीडच अडकतात, १/२५० वर सगळेच कॅमेरे बरे वाटतात. लेन्समधून उजेडाकडे बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, थोडी कडेला असेल तर फोटोत फारसं काही कळत नाही, पण सगळीकडे पसरली असेल तर सोडून द्या आणि घेतलात तर दुसऱ्या लेन्सांच्या शेजारी ठेवू नका. धूळ असतेच, तिला घाबरायचं कारण नाही. झाकणाच्या कडेचा स्पंज हाताला डांबरासारखा चिकटत असेल तर तो बदलावा लागेल, ते घरी होतं, स्पिरिटने पुसून नवीन पट्टी चिकटवायची, एक संध्याकाळ जाते. बॅटरी लागत असेल तर कुठली ते आधी विचारा. त्या काळच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा, तो पाऱ्यामुळे बंद झाला, आणि त्याच आकाराचा १.५ व्होल्टचा घातला की मीटर चुकीचं सांगतो. ह्यावर तोडगा म्हणजे कानाच्या मशीनचे झिंक-एअर सेल, ते १.४ च्या आसपास असतात, काम चालतं. आणि विकणारा जर म्हणाला की "टेस्ट केलेला नाहीये" तर समजायचं की टेस्ट केलेला आहे.

अजून एक, हल्ली काय होतं की कुणीतरी नावाजलेल्याच्या गळ्यात एखादा छोटा कॅमेरा दिसतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचा भाव चढतो. अशा कॅमेऱ्याच्या मागे लागू नका. त्याच्याच वर्गातला, त्याच काळातला, पण ज्याचं नाव कुणी घेत नाही असा शोधा, फोटो तेच येणार आहेत.

खरा खर्च आहे तो रोलचा आणि धुण्याचा, हे मी लपवणार नाही, आणि तो वाढतोच आहे. त्यावर माझा उपाय दोन. एक म्हणजे अर्ध्या फ्रेमचा कॅमेरा. योशिहिसा माईतानी नावाच्या जपानी डिझायनरने ऑलिंपससाठी १९५९ साली पेन काढला, त्यात ३५ चीच फिल्म पण प्रत्येक फोटो अर्ध्या जागेत, त्यामुळे ३६ च्या रोलमध्ये ७२ बसतात. कॅमेरा सरळ धरला की फोटो उभा येतो, मोबाइलवाल्यांना ते सवयीचंच आहे. तो माझा चौथा. कल्पना काही जुनी झालेली नाही, पेंटॅक्सने २०२४ मध्येसुद्धा पेंटॅक्स १७ म्हणून नवा अर्ध्या फ्रेमचा काढला. फक्त एक त्रास, ७२ फोटो संपता संपत नाहीत, शेवटी शेवटी मी घरातल्या मांजराचे काढून रोल संपवते.

दुसरा उपाय, काळापांढरा रोल घरी धुणं. ऐकायला डार्करूम वगैरे वाटतं पण डार्करूम लागत नाही, हात घालायच्या दोन बाह्या असलेली काळी पिशवी लागते आणि उजेड न शिरणारी टाकी. पिशवीत चाचपडत फिल्म रिळावर चढवायची, टाकी बंद केली की बाकी सगळं उजेडात. डेव्हलपर (चित्र उमटवणारं औषध) २० अंशाला, रोल आणि औषधानुसार सात-दहा मिनिटं, अधूनमधून टाकी उलटीपालटी, मग त्याचं काम थांबवणारं स्टॉपचं औषध, मग चित्र पक्कं करणारा फिक्सर ज्याला जुने स्टुडिओवाले हायपो म्हणतात, मग पाणी, पाणी, पाणी. अवघड आहे ते फक्त रिळावर चढवणं. माझ्या पहिल्या वेळी फिल्म स्वतःलाच चिकटली आणि जिथे चिकटली तिथे औषध पोचलंच नाही, पाच फोटोंवर चंद्रकोरीसारखे डाग. मग त्या कोऱ्या आलेल्या पहिल्या रोलचा उपयोग झाला, तो घेऊन टीव्ही बघता बघता डोळे मिटून रिळावर चढवायचा सराव केला, दहाबारा वेळा, आता हात आपोआप करतात. रंगीत रोलचं सी-४१ औषध ३८ अंशाला लागतं आणि त्यात अर्धा-एक अंश इकडेतिकडे झालेलं चालत नाही, तो मी अजूनही बाहेर देते. आणि देताना सांगते की निगेटिव्ह परत हव्यात, कारण एकदा एका ठिकाणाहून नुसते स्कॅन मेलवर आले आणि निगेटिव्ह मागायला गेले तर म्हणे टाकून दिल्या, कुणी नेत नाही. मला तिथे रडू यायचं बाकी होतं.

गंमत म्हणून सांगते, इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सी ची पावडर ह्यांच्या मिश्रणातसुद्धा रोल धुतला जातो. कॅफेनॉल म्हणतात त्याला, कॉफीत रोल धुणं १९९५ साली अमेरिकेत रोचेस्टरच्या एका कॉलेजच्या वर्गात करून बघितलं गेलं. मी केलाय, फोटो आले, छान आले, पण जो वास सुटला त्यावरून घरात जी चर्चा झाली ती इथे छापण्यासारखी नाही.

आता लेखातल्या ज्या वाक्याशी माझं सगळ्यात जास्त वाजलं ते. "फिल्म आपल्याला संयम शिकवते." हे सगळीकडे लिहिलेलं असतं आणि मला ते पटत नाही. मला काही संयम-बिंयम आलेला नाही, रोल लॅबमध्ये असतो तेव्हा मी दिवसातून दोनदा मेल उघडून बघते. मला फिल्म आवडते त्याचं कारण उलटं आहे, मी आळशी आहे. मोबाइलमध्ये एका फेरफटक्याचे दोनशे फोटो येतात आणि ते कधीच कुणी बघत नाही, निवडायचेही कष्ट होत नाहीत, शेवटी जागा संपली असा मेसेज येतो. फिल्मवर महिन्याचे छत्तीस. त्यातले दहा गेले कामातून, पाच हललेले, उरलेल्यातले दोनचार इतके आवडतात की प्रिंट काढावीशी वाटते. निवडानिवडीचं काम कॅमेऱ्यात असतानाच झालेलं असतं. आणि स्वस्त कॅमेऱ्याचा फायदा इथेही आहे, तो पिशवीत कसाही टाकता येतो, पावसात नेता येतो, पोरांच्या हातात देता येतो. महागडा कॅमेरा कपाटात राहतो आणि कपाटातून फोटो येत नाहीत. फक्त प्रवासाला नेताना विमानतळावर न वापरलेले आणि वापरलेले सगळे रोल हातात काढून द्या आणि हाताने तपासायला सांगा, नव्या सीटी स्कॅनवाल्या मशीनमधून गेले तर धुरकट होतात.

चारातला स्मेना मी भाचीला देऊन टाकतेय. चाक फिरवायला विसरू नकोस एवढं सांगितलं, ती म्हणाली मला तर विसरायचंच आहे, मला आजीच्या अंगावर झाड उगवलेल्या फोटोसारखा पाहिजे.

आपली,
एक नेहमीची वाचक

ता. क. लेखाच्या वर जे मोठं चित्र छापलंय, त्यात एक मुलगी उन्हात उभी राहून डबीतून फिल्म हातभर बाहेर ओढून बघतेय आणि हसतेय. त्या रोलवर काही फोटो असतील तर ते गेले हो.